इंगेगर्डची काठी

दुपार कलता कलता गुन्वोरच्या हाती ती काठी आली. हातभर लांब, एक टोक जळकं, दुसऱ्याला दोरीचा फास, मधे चाकूने कोरलेल्या खुणा: गुरुवारी, सगळ्यांनी, हत्यारं घेऊन, किल्ल्यावर चालून जायचं. सूर्य बुडायच्या आत ती शेजारच्या घरी पोचवायची. जिच्याकडे अडकली तिचं घर जाळायचं आणि तिला फासावर द्यायचं. डालार्ना मुलखातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

राजाच्या जर्मन शिपायांना मात्र नव्हतं. तीन राज्यांचा हा एकच राजा बसायचा लांब डेन्मार्कात, इथल्या किल्ल्यावर आपले जर्मन बसवायचा, आणि त्यांच्या घोड्यांना गवत घालायचं गुन्वोरसारख्यांनी.

मुरगळल्या पायाने ती कशीबशी उठतेय, तोच किल्ल्यासाठी गवत गोळा करणारा जर्मन शिपाई हेनेके दारात. तिने काठी चुलीजवळच्या लाकडांत टाकली.

"म्हातारे, खायला आहे का काही?"

"भाकरी आहे. निम्मी झाडाच्या सालीची."

त्याने तुकडा चावला. "ही भाकरी आहे की दरवाजा?"

"दरवाजा असता तर तू बाहेर असतास."

तो हसला, ऐसपैस बसला. विस्तव मंदावला होता. त्याने हात लांब करून नेमकी तीच काठी उचलली आणि निखाऱ्यांत खुपसली.

"ठेव ती!"

ती नको इतकी ओरडली. हेनेकेचं हसू गेलं. काठी बाहेर काढून त्याने रेघांवरून बोट फिरवलं.

"का गं? आणि हे काय कोरलंय?"

गुन्वोरला खोटं काही सुचेना, म्हणून तिने खरंच सांगून टाकलं.

"पलीकडच्या इंगेगर्डकडे जायची आहे ती. सूर्य बुडायच्या आत गेली नाही, तर माझं घर जाळतील आणि मला लटकवतील."

मग हेनेके इतका हसला की भाकरीचे तुकडे दाढीत सांडले.

"चुलीतल्या काठीवरून? काय बायका आहात! आणि ही दोरी, अडकवायला?"

"अडकवायलाच."

"आण, मी तिकडेच चाललोय गवताला. देतो."

ती दाराला धरून उभी राहिली. सूर्य पाइनच्या शेंड्यांवर बोटभर उरला होता. हेनेके त्या काठीने घोड्याला टोचत चालला होता. वाटेत फेकली तर? किल्ल्यावरच्या कुणी पाहिली तर? बर्फातून तो इंगेगर्डच्या अंगणात वळला आणि दिसेनासा झाला. मग त्या अंगणातून बर्फावर घसरत जायच्या लाकडी पट्ट्या पायांना बांधून इंगेगर्ड निघाली ती थेट जंगलापलीकडच्या घराकडे, वाकून, जिवाच्या आकांताने.

परतताना हेनेके दारासमोर थांबला. "दिली हो! तीनदा विचारलं तिने, तूच आणलीस का म्हणून."

घर वाचलं होतं. आता गुन्वोरला त्याच्या दाढीतले तुकडे दिसले.

"गुरुवारी पहारा कुणाचा?"

"माझाच. का?"

"आजारी पड. पोट दुखतंय म्हण. माझी भाकरी खाल्लीस, कुणाला खोटं वाटायचं नाही."

तो हसायला गेला आणि मधेच थांबला. तळहाताला लागलेली काठीची काजळी त्याने पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हातारे," तो हळूच म्हणाला, "आत्तापासूनच दुखायला लागलंय."