बिनकानाचा कप

तुंग डॉक्टरनं देवमनच्या तोंडात बोटं घातली, त्या दिवशीच देवमननं त्याला आपला मानलं.

अकोल्यात ताजनापेठेत तुंगचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे एक खोली, एक उंच खुर्ची, पुढं ओटा आणि दारावर लाल-पांढऱ्या रंगानं काढलेली कवळी. चीनमधून कलकत्त्याला आणि तिथून इकडं आलेला हा म्हातारा किडलेले दात उपटायचा, कवळ्या बसवायचा. देवमन पोस्टात कारकून, अमरावतीहून बदलून आलेला. छप्पन साली दीक्षा घेतलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा, आणि कोणी 'काय रे' म्हटलं की तिथल्या तिथं भांडणारा. त्याची दाढ सुजली तेव्हा गावातल्या एका वैद्यानं त्याला पायरीवर बसवलं आणि औषधाची पुडी हातावर वरून टाकली. कुत्र्यापुढं तुकडा टाकावा तशी. तुंगनं मात्र गाल धरून तोंड उघडलं, हिरडी दाबली, आणि बोटाला लागलेली लाळ स्वतःच्याच कोटाला पुसली.

दाढ निघाली. सूज उतरली. मग तुंग म्हणाला, "देवमन भाऊ, इतवार को आना. हमारे मुलुक का चाय है. पुराना. तुम से थोडा छोटा है उमर में."

देवमन घरी येऊन बायकोला म्हणाला, "चतुरा, रविवारी मले डॉक्टरच्या घरी चहाले बलावलं." आवाज असा की शेजारच्या घरात जावा. चतुराबाई हसली. "मले आयकू आलं. आता मूर्तिजापूरलेही सांगून या."

हसण्यासारखंच होतं. पण दुसऱ्या वस्तीतल्या माणसानं चहाला घरी बोलावणं देवमनच्या जन्मात घडलं नव्हतं. तो तिथं चहा प्यायला जात नव्हता. आपण माणूस आहोत, हे कोणाच्या तरी ओट्यावर बसून एकदा पाहायला जात होता.

तुंगनं ओट्यावर बुटकं मेज मांडलं होतं. त्यावर फटी असलेलं लाकडी तबक, मुठीएवढी मातीची किटली, शेगडीवर उकळतं पाणी. त्यानं कागद सोडला आणि दाबून वाळवलेल्या चहाची काळपट गोल चकती बाहेर काढली.

"डॉक्टर, हे त सरकीची ढेप होय!" देवमन म्हणाला. "आमी बैलाले देतो."

"बैल को मत देना. रोज मांगेगा, फिर हल नहीं खिंचेगा."

समोरच्या दुकानात खुशालराव खरोखरच सरकी आणि ढेप विकायचे. तेही गादीवरून हसले.

मग तुंगनं कप काढले. त्या कपांना कान नव्हते.

देवमनचं हसू तिथंच थांबलं. अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. मागच्या भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेले कप असायचे. त्याचा बाप आणि तो त्या कपातून चहा प्यायचे. कप आपणच विसळायचा, समोर धरायचा, हॉटेलवाला वरून धार सोडणार. कान शाबूत असलेला कप आत बसणाऱ्यांचा. हे ज्यानं भोगलं नाही त्यानं देवमनच्या मूर्खपणाला हसू नये. किंवा हसावं. त्यानं काय फरक पडतो?

तुंगनं त्या कपांवर उकळतं पाणी ओतलं. बांबूच्या चिमट्यानं धरून ते सांडून दिलं. चकतीचा तुकडा किटलीत टाकून पाणी घातलं, आणि तो पहिला चहा सगळाच्या सगळा तबकावर फेकून दिला. पुन्हा पाणी घातलं. मग हात उंच नेऊन, कपाला स्पर्श न करता, बारीक धार सोडली.

देवमन उभा राहिला.

"काहून हो डॉक्टर? मी बाटवीन म्हणून कप उकळून घेतला? चिमट्यानं धरता? वरतून ओतता?"

"क्या हुआ? गरम है, धीरे..."

"तोंडात बोटं घालता तवा चालते, अन चहा पाजाले इटाळ होते काय? अरे, बेडकं खाणारी जात तुमची! तुमच्या हातचं पाणी आमचं कुत्रंही पेणार नाई!"

त्यानं कप उलथा केला आणि पायऱ्या उतरला.

हे वाक्य त्यानं घडवलेलं नव्हतं. त्याच्यावर, त्याच्या बापावर, आज्यावर आयुष्यभर फेकलेलं वाक्य त्यानं उचललं आणि त्यातली फक्त जात बदलली. इतकं हाताशी होतं ते.

"वा देवमनजी!" खुशालराव गादीवरून ओरडले. "आज बराबर बोलले तुमी!"

खुशालरावांनी आजवर त्याला 'जी' लावलं नव्हतं. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहितो: देवमनला त्या क्षणी बरं वाटलं.

घरी त्यानं सगळं तावातावानं सांगितलं. चतुराबाई भाकर थापत होती. ती थांबली.

"थुका आपल्या कोटाले पुसला म्हणता. अन त्याले तुमच्या कपाचा इटाळ?"

"मंग चिमटा काहून?"

"त्यानं सोताचा कप कायनं धरला?"

देवमन आठवू लागला. दोन्ही कप सारखेच होते. दोन्ही एकाच चिमट्यानं धरले होते. दोन्हीत धार तेवढ्याच उंचीवरून पडली होती.

"मले काय पाहून राहिले?" चतुराबाई म्हणाली. "ताट घ्या." त्यानं ताट घेतलं नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट लिहायची गरज नव्हती. पण खुशालरावांकडं रोज खेड्यापाड्यांतून शेतकरी यायचे. ढेप घ्यायचे आणि दुखरा दात असला की समोर तुंगकडं जायचे. आता खुशालराव त्यांना सांगू लागले, "तोंडात बेडकाचा हात घालून घेता काय? मी नाई म्हणत बापा. पोस्टातले देवमनजी म्हणतात." लोक हसायचे आणि गाल धरून दुसरीकडं जायचे. एकानं तर पोस्टाच्या खिडकीतून विचारलं, "ते बेडूकवाली गोष्ट तुमीच सांगतली ना?" मागं उभे असलेले फिदीफिदी हसले. देवमननं खिडकीची फळी पाडली आणि आत तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी तो दवाखान्यासमोर गेला. पायरी चढला नाही. खालीच उभा राहिला. बापासारखा.

तुंग बाहेर आला. "नीचे क्यों? दात फिर दुखा?"

"डॉक्टर, मी चुकलो. मी जे बोललो..."

"तुम जल्दी-जल्दी बोला, मेरे को सब नहीं समझा. मैं समझा चाय खराब था," तुंग म्हणाला. "बास आया तुम को. मेरे को बहुत शरम आया. मेहमान उठ के चला गया. आज दुसरा निकालता हूं."

म्हणजे या माणसानं आठवडाभर स्वतःलाच दोष दिला होता. देवमनला वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकला असता, तर आपण ताठ उभे राहू शकलो असतो.

आत बसल्यावर देवमननं त्याला कोनाड्यातल्या कपांचं सांगितलं. तुंगनं एक कप त्याच्या तळहातावर ठेवला. "इसको कान नहीं, क्यों की हाथ को मालूम पडना, कितना गरम. हाथ नहीं जला तो जीभ नहीं जलेगा. और पहिला पाणी उस को जगाने का. इतना साल धूल में सोया."

पहिला चहा वेताच्या टोपलीतला. काळा, तांबूस. अंधाऱ्या कोठीतल्या जुन्या लाकडाचा वास, पण जिभेवर मऊ, पेजेसारखा. दुसऱ्याची पानं वळलेली. तुंग ती दरवर्षी निखाऱ्यावर पुन्हा शेकायचा. त्याला फुटाण्यांचा वास होता आणि मागून गूळ करपल्यासारखी चव. ना दूध, ना साखर. देवमन एकेक घोट तोंडात धरून बसला. पुन्हा पाणी घातलं की तीच पानं वेगळी लागत.

"अजून द्या," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोणाकडं दुसऱ्यांदा मागितलं.

"अब वो ढेप," तुंग म्हणाला. "सब से पुराना."

देवमन उठला. "ते आपण ओट्यावर पेऊ. सगळ्यायले पाहू द्या."

त्यानं स्वतः मेज बाहेर आणलं. रस्त्यापलीकडं तोंड करून ओरडला, "खुशालराव, मी खोटं बोललो होतो! डॉक्टरच्या हातचा चहा मी पेऊन राहिलो. पाहा!"

खुशालराव पोट धरून हसले. "तू पेतं रे, तुले काय लागते! आता त जास्तच झालं. पहिले नुसते बेडकं होते, आता महारही बसला."

'जी' गेलं होतं.

तेवढ्यात पातूरकडची एक म्हातारी आली. मैनाबाई. हनुवटीपासून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं, गाल टम्म, डोळ्यांतून पाणी. तिनं पायरीवर पाय ठेवला.

"मावशी," खुशालराव म्हणाले, "तिथं कोन बसलं ते पाहून घ्या पहिले."

तिनं पाहिलं. देवमनकडं, त्याच्या हातातल्या कपाकडं. पाय पायरीवरच होता. दुखणं आणि विटाळ यांत काय मोठं, एवढंच ती ठरवत होती.

देवमन अर्धवट उठला. "मावशी, या तुमी. मी जातो. मी जातोच."

"तू जाऊन काय होते बापू?" ती बांधलेल्या जबड्यातून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ओटाच धुवा लागीन."

तिनं पाय खाली घेतला आणि गाल धरून, भिंतीच्या आधारानं रस्त्यानं चालू लागली.

देवमनला तुंगकडं पाहवेना. तो आला नसता तर लोक बेडकांना हसून गेले असते आणि चार महिन्यांत विसरून परत आले असते. आता त्यानं ओट्यालाच डाग लावला होता. तो पुसायला यावं, तर आलेला प्रत्येक दिवस तो डाग मोठा करणार. आणि येऊ नये, तर खुशालराव खरे.

"डॉक्टर, मी उद्यापासून नाई येत. तुमचा धंदा बसते."

"बैठो," तुंग म्हणाला. म्हातारी वळली त्या कोपऱ्याकडं तो अजून पाहत होता. "बीच में नहीं उठने का. इस का चौथा पाणी सब से अच्छा."

त्यानं हात उंच नेला. धार कपात पडली. देवमननं कप उचलला. नाही प्यायला तर तो आणखी एक अपमान झाला असता. आधी कडू लागला. मग आवळा खाऊन पाणी प्यावं तसा घशातून गोडवा वर आला, आणि येतच राहिला. एवढं चांगलं त्यानं कधी काही चाखलं नव्हतं. चांगलं लागतंय, याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान वर केली नाही.

तुंगनं आणखी ओतलं.