आप्पांना ऐकू येऊ लागलं

आप्पांच्या घराण्यात कान लवकर थकायचे. वडिलांचे थकले, चुलत्यांचे थकले, आणि अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीतली वायरमनची नोकरी संपेपर्यंत आप्पांचेही थकले. आधी फोनवरचं बोलणं कळेनासं झालं, मग पडवीतल्या पाहुण्याचं, मग शेजारी बसलेल्या माणसाचं. मध्यंतरी एक यंत्र आणलं होतं. त्यात वाटी खाली पडली तरी डोक्यात घण बसायचा आणि माणसाचं बोलणं मात्र गाळातून आल्यासारखं यायचं. ते यंत्र कपाटात गेलं आणि आप्पा शांततेत राहायला शिकले.

त्यांची बायको जनी बोलायची थांबली नाही. महत्त्वाचं काही असलं की ती आप्पांच्या खांद्याला हात लावून कानाशी ओरडायची, "जेवायला चला", "गॅसवाला आलाय". बाकीचं सगळं ती साध्या आवाजात, हातातलं काम करता करता बोलायची. पावट्याच्या शेंगा सोलताना, आमसुलं उन्हात पसरताना, मांजराला हाकलताना. आप्पा तिथेच पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना ऐकू जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिच्या बोलण्याला आडकाठी नव्हती.

दिवाळीनंतर मुंबईहून त्यांची लेक ऋतिका आली आणि आप्पांना चिपळूणला एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कान तपासणारा हर्षद नावाचा तरुण होता. त्याने चिंचोक्याएवढी दोन यंत्रं आप्पांच्या कानांमागे बसवली आणि त्यांच्या फोनला जोडून दिली.

"यात लहानसा कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. "माणसाचा आवाज कुठला आणि मिक्सरचा कुठला, हे तो असंख्य आवाज ऐकून शिकलाय. बोलणं पुढे आणतो, बाकी मागे ढकलतो. पण तुमच्या कानाला जमवून घ्यायला दोन-चार दिवस लागतील. तुम्ही इथे यायची गरज नाही, मी इथूनच बदल करीन."

पहिल्या दिवशी आप्पांना स्वतःच्याच चपलांचा आवाज आला आणि ते दचकून थांबले. घरी फ्रिज घरघरत होता, पंखा कुरकुरत होता, जेवताना आपलाच घास दाढेखाली ऐकू येत होता. माणसांचं बोलणं अजून फाटकंच होतं. जनीने त्यांचा वैतागलेला चेहरा पाहिला आणि लेकीला म्हणाली, "हेपण जाणार कपाटात." ऋतिका रजा संपवून परत गेली.

मग एका सकाळी हर्षदचा फोन आला. जनी मागीलदारी कपडे वाळत घालत होती. पलीकडून हर्षद विचारत होता आणि आप्पा सांगत होते, हे टोचतं, ते दबलेलं वाटतं, आता बरं आहे. फोन ठेवला तेव्हा घर वेगळं झालं होतं. फ्रिज दूर गेला होता. रस्त्यावरून दोन बायका जात होत्या आणि त्यांच्यातली एक म्हणत होती की मेथी कडू निघाली.

जनी आत आली, सूप मांडीवर घेऊन शेंगा सोलायला बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आज परत तीच बनियन."

आप्पा उत्तर द्यायला वळणार होते, तोच ती पुढे बोलली, "पिवळी पडली तरी सोडवत नाय. मीच आणलेली ना."

आप्पांनी पेपर थोडा वर धरला.

आज सांगू, उद्या सांगू असं करता करता दिवस गेले. ही यंत्रंही बिनकामाचीच असं धरून जनी बोलत होती आणि आप्पा ऐकत होते. ते चहा भुरकतात तो आवाज तिला आयुष्यभर आवडला नव्हता. ऋतिकाने नोकरी बदलू नये असं तिला वाटत होतं, पण लेकीला तसं सांगायचं नाही हेही तिने ठरवलं होतं. पायरी चढताना उजवा गुडघा चमकायचा आणि ती स्वतःलाच बजावायची, "बोलायचं नाय, जने. उगाच दवाखाने मागे लागतील." दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं पाणी आप्पा भरू लागले. "यांना काय झालंय हल्ली?" ती मांजराला म्हणाली. आप्पांनी कळशी खाली ठेवली आणि चेहरा तसाच ठेवला.

एकदा ती घावन घालत होती. पहिलंच तव्याला धरलं, वेडंवाकडं निघालं. जनी हसली.

"फातिमा असती तर म्हणाली असती, जने, तू घावन नाय, नकाशा काढतेस." तिने दुसरं घावन घातलं. मग ती हळू म्हणाली, "जिवंत तरी आहे की नाय, कोण जाणे. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

फातिमा ही जनीची मंडणगडच्या शाळेतली मैत्रीण. लग्नात आप्पांनी तिला पाहिलं होतं. पुढे तिचंही लग्न होऊन ती खाडीकाठी वेसवीला गेली, एवढंच त्यांना आठवत होतं. इतक्या वर्षांनी जनीच्या मनात ती अजून रोज येते, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत व्हायला वावच नव्हता.

संध्याकाळी फिरायला म्हणून ते बाहेर पडले आणि मंडणगडला आपल्या मेव्हण्याला, विठूला, फोन लावला. विठूचा आवाज थेट कानात आला, भिंतीपलीकडून बोलल्यासारखा नाही. आप्पांना तेच इतकं नवं होतं की ते आधी त्याच्याशी भाताबद्दलच बराच वेळ बोलले. वेसवीतल्या फातिमाचं घर शोधायला विठूला फार दिवस लागले नाहीत.

"मंडणगडला जाऊया," आप्पा जनीला म्हणाले. "तिथून पुढे वेसवीला. फातिमा मजेत आहे. तुला बोलावलंय."

जनीच्या हातातली पळी तशीच राहिली. आधी तिचा चेहरा उजळला, मग त्यावर शंका आली.

"तुम्हाला फातिमाचं कुणी सांगितलं?" तिने साध्याच आवाजात विचारलं.

"तूच. घावन घालताना," आप्पांनी उत्तर दिलं, आणि तिथेच ते पकडले गेले.

"कधीपासून ऐकू येतंय?"

"हर्षदचा फोन आला त्या सकाळपासून."

"म्हणजे चहाचं?"

"ऐकलं."

"गुडघ्याचं?"

"तेपण."

"ते कुणाला सांगायचं नव्हतं मला," जनी म्हणाली. ती ओरडली नाही. गॅस बंद करून मागीलदारी गेली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

त्या दिवसापासून जनी गप्प झाली. कामापुरतं बोलायची, तेही मोजकं. शेंगा गुपचूप सोलल्या जायच्या. मांजराशीसुद्धा ती खुणेने वागू लागली. आप्पांना आता सगळं ऐकू येत होतं आणि घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. पूर्वीची शांतता त्यांना कधी खुपली नव्हती. ही खुपत होती.

एका सकाळी ते स्वयंपाकघरात गेले, दोन्ही यंत्रं कानांवरून काढली आणि ओट्यावर तिच्यासमोर ठेवली.

"मी रोज सकाळी काढून ठेवत जाईन," ते म्हणाले. "तू बोल. मला नाय ऐकू आलं तरी चालेल. पण बोल."

आणि ते पाठ करून पाटावर बसले. मागे काय होतंय ते त्यांना कळत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हळूच मान वळवून पाहिलं. जनी नारळ खवत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती बरंच काही बोलत होती, मध्येच खवणी थांबवून हातवारेही करत होती. तिला दिसेल न दिसेल इतक्या हळू त्यांनी मान परत पुढे केली. ती काय बोलली ते आप्पांना कधीच कळलं नाही.

शेवटी त्यांच्या खांद्यावर ओला हात पडला आणि ती कानाशी ओरडली, "घाला ते. सगळं दोनदा बोलायला माझ्यात ताकद नाय."

आप्पांनी यंत्रं चढवली.

"मला फसवलंत याचा राग आहे," जनी म्हणाली. "आणि तो एवढ्यात जाणार नाय. पण वेसवीला कधी जायचं?"

"म्हणशील तेव्हा. आधी चिपळूणला गुडघा दाखवू."

"बघा, म्हणून सांगत नव्हते," ती म्हणाली, पण गेली.

गुडघ्याला पट्टा लावून, सोलकढीला लागणारं रातांब्याचं आगळ बाटलीत भरून, ती दोघं मंडणगडमार्गे वेसवीला पोचली. फातिमा दारातच उभी होती. केस पांढरे, डोक्यावर ओढणी, आणि सगळं अंग हसण्याने हलत होतं. जनी पायऱ्या विसरून वर चढली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या.

फातिमाची सून मनाल चहा घेऊन आली. आप्पांनी तो अजिबात आवाज न करता प्यायला. जनीने ते पाहिलं आणि मान फिरवून हसली.

"भावजी, एक सांगू?" फातिमा म्हणाली. "ही शाळेत इतकी गप्प असायची, की हजेरी घेताना मास्तर मान वर करून बघायचे, आलीय की नाय."

आप्पांना हे नवीनच होतं. "मग एवढं बोलायला कुठे शिकली?"

"तुमच्याकडे," जनी म्हणाली. "ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून जमलं."

फातिमा टाळी देऊन हसली. आप्पाही हसले.

फातिमाने त्यांना त्या दिवशी परत जाऊ दिलं नाही. ऋतिकाला कळवावं म्हणून आप्पा खाडीकडच्या ओट्यावर आले आणि फोन लावला. आत दोघींचं एकमेकींत गुंतलेलं बोलणं चालू होतं. त्यातला जनीचा आवाज त्यांना नीट वेगळा कळत होता.

"आप्पा, मागे गलका कसला चाललाय?" ऋतिकाने विचारलं.

"तुझी आई बोलतेय," आप्पा म्हणाले.

"त्रास होत असेल तर फोनवरून आवाज कमी करता येतो. हर्षदने दाखवलंय ना?"

"दाखवलंय," ते म्हणाले, आणि फोन खिशात टाकून आत गेले. मनाल सांदण वाढत होती, आणि जनीने त्यांच्यासाठी आपल्या शेजारची जागा ठेवली होती.