सरदारला सोबत

सरदारने नव्या माशाला पुन्हा कोपऱ्यात गाठलं, तेव्हा बाळ देवस्थळींनी पाय सोफ्यावर घेतले. मासा टाकीत होता, टाकीला झाकण होतं. तरी पाय खाली असू नयेत असं त्यांना वाटलं.

सरदार हा त्यांच्या पत्नीचा, श्यामलाबाईंचा, ऑस्कर जातीचा मासा. त्यांच्या हातून खायचा आणि बाळ दिसले की काचेवर धडकायचा. विमा कंपनीतल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाळांविषयी इतकं स्पष्ट मत कुणी दिलं नव्हतं.

सकाळी श्यामलाबाईंना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. जाताना त्या म्हणाल्या, "त्याला एकट्याला करमत नाही. घरी जाऊन जरा बोला त्याच्याशी."

"इथं एकालाच थांबू देतात, बाबा," मुलगा आमोद म्हणाला. "मी आहे. तुम्ही जा."

आता माशाशी बोलायचं काय? श्यामलाबाईंशीही बाळ चहा, वीजबिल आणि हवामान यांपलीकडे फारसे गेले नव्हते. म्हणून नारायण पेठेत घरी परतताना त्यांनी बुधवार पेठेतल्या माशांच्या दुकानातून सरदारसाठी दुसरा ऑस्कर घेतला आणि टाकीत सोडून दिला. बोलण्याचं काम परस्पर मिटलं.

आता नव्याची शेपटी अर्धी उरली होती. बाळांनी दुकानात फोन लावला.

"अहो, आमचा मासा तुमच्या माशाला मारतोय."

"आता दोन्ही तुमचेच."

"मग करू काय?"

"टाकीचंच पाणी बादलीत घ्या, नव्याला त्यात ठेवा. जुन्याची जागा आहे ती. त्याने सोबत मागितली होती का?"

"जुना चावतो का हो?"

"आम्ही मासे विकतो, स्वभाव नाही."

फोन बंद झाला. दवाखान्याचा मात्र येत नव्हता. बाळ देवभोळे नव्हते. आज घरात काही मरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी झाकण काढून टाकीचं पाणी बादलीत घेतलं. मासा धरायची जाळी चहाच्या गाळणीएवढी होती. त्यांनी श्यामलाबाईंची पुरणाची चाळण घेतली, बाही वर केली आणि डाव्या हाताचं बोट काचेच्या दुसऱ्या टोकाला टेकवलं. सरदार बोटावर धावून आला. पण चाळण पाण्यात जाताच वळला आणि उजव्या मनगटाला करकचून चावला. बाळांनी हात बाहेर ओढला.

त्यांनी बोट पुन्हा काचेवर ठेवलं.

"अरे, इकडे बघ," ते म्हणाले. सरदार आला. "तिला आत नेऊन फार वेळ झालाय." सरदार थांबला. "मला चहा करता येतो. पण ती नसेल तर तो कशासाठी करायचा, ते मला ठाऊक नाही. हे तिला सांगायला हवं होतं. मी दवाखान्यात जाताना रिक्षात पाऊस येईल का, म्हणून विचारलं."

सरदार कल्ले हलवत ऐकत राहिला. उजव्या हाताने बाळांनी चाळण नव्या माशाखाली सरकवली आणि अलगद वर घेतली. नवा मासा बादलीत आडवा पडला. पण कल्ले हलत होते.

फोन वाजला. ओल्या हाताने तो नीट उचलवेना.

"बाबा, आई शुद्धीवर आलीये. विचारतेय, सरदारशी बोलताय ना?"

बाळांनी सरदारकडे पाहिलं.

"बोलतोय म्हणावं," ते म्हणाले.

फोन ठेवून ते वळले. सरदार अजून त्याच जागी, काचेला तोंड लावून थांबला होता. बाळांनी खुर्ची ओढली आणि बोट काचेवर ठेवलं.

"हं, तर काय सांगत होतो," ते म्हणाले.