नीलमच्या नावावरच्या भाकऱ्या

बोरगावच्या कांताआक्कांना भाकरी थापायचं मशीन हवं होतं. रोज दीडशे भाकऱ्या थापून मनगट सुजायचं, आणि आणखी वर्षभर हे चाललं तर धंदा बंद करावा लागेल, असं डॉक्टरनं सांगितलेलं. मशीन सत्तर हजारांचं. सून श्रद्धानं फोनवरच आधार नंबर टाकून उद्योगाची नोंदणी केली, दारात क्यूआर चिकटवला आणि बजावलं, "आत्ती, बँक आता फोनवरची विक्री बघून कर्ज देते."

आक्कांचा हिशोब मात्र वेगळा होता. दहा-वीस रुपयांची गिऱ्हाइकं फोनवर. निपाणीतल्या खानावळवाल्या भरमाच्या रोजच्या पन्नास भाकऱ्या रोखीत. मोठा आकडा सरकारला कशाला दाखवायचा? तीन महिन्यांनी बघतात तर फोनवरची विक्री चिमूटभर. मग त्यांनी शेजारच्या जावेला, नीलमला गाठलं. नीलमनं रोज फोनवरून पाचशे टाकायचे, आक्कांनी भरमाकडच्या पाचशेच्या नोटा तिच्या हातावर ठेवायच्या. नीलमचा एटीएमचा हेलपाटा वाचला, आक्कांची विक्री फुगली. तीन महिने दोघी खूश.

निपाणीच्या बँकेत कर्जाचं बघणाऱ्या अनुराधा मॅडमनी फोनवरच्या विक्रीचा कागद पुढं ओढला. मॅडम चिकोडीकडच्या, आक्कांसारख्याच जैन.

"आक्का, ही नीलम कोण?"

"गिऱ्हाईक हाय. लई भाकरी खाती."

"रोज पन्नास?"

"घर मोठं हाय."

"असेल. पण ही पैसे टाकते रात्री नऊला. तुमच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटते?"

 दिवस मावळायच्या आत जेवणारं घर. रात्री नऊला भाकरी विकली म्हणावं तर धर्म बुडतो, न विकली म्हणावं तर कर्ज. नीलम भांडी आवरून मगच फोन हातात घेते, हे तीन महिन्यांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी त्यांनी धर्म राखला. "मॅडम, पैसे खरं हायत. भाकऱ्याबी खऱ्या हायत. निस्ती खाणारी खोटी हाय." आणि भरमाचं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "म्हणजे खरी विक्री लपवलीत, आणि तीच खोट्या नावानं आणून दाखवलीत? एवढ्या मेहनतीत सरळ वागणं स्वस्त पडलं असतं की." त्यांनी नीलमच्या सगळ्या ओळींवर काट मारली. "उरलेल्यावर मशीन बसत नाही. अर्ज फेटाळत नाही, थांबवते. खऱ्या खाणाऱ्याकडून तीन महिने फोनवर पैसे घ्या, मग या."

बाहेर पायरीवर बसूनच आक्कांनी भरमाला फोन लावला.

"भरमा, उद्यापासनं नोटा घेणार न्हाय. फोनवर टाक."

"का वो आक्का? माझ्या नोटा वायट हायत व्हय?"

"नोटा बऱ्या हायत. पर तुझ्या भाकऱ्या नीलम खातीया, असं बँकेत लागलंय."

"कोण नीलम?"

"ते जाऊ दे. टाकतोस का न्हाय?"

 आक्कांनी सुजलेलं मनगट दुसऱ्या हातानं दाबत वाट बघितली.

"टाकतो. पर पन्नासवर दोन भाकऱ्या जास्त द्या."

"एक," आक्का म्हणाल्या. "आन् मशीन आल्यावर तीबी बंद."