पाचवा ट्रान्झिस्टर

विश्वास हा माणसाने लावलेला सर्वांत मोठा शोध आहे. विश्वास नसता तर ना राज्यं उभी राहिली असती, ना बँका, ना लग्नं. असं आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बसून फ्यूज वडिलांना ठणकावून सांगत होता. सांगताना त्याच्या उजव्या अंगठ्याला सेटमध्ये बसवायच्या एका नव्याकोऱ्या ट्रान्झिस्टरवरची अक्षरं चिकटलेली होती. स्पिरिटचा बोळा एकदाच फिरवला होता. कंपनीचं नाव, नंबर, तारीख, सगळं पुसट होऊन अंगठ्यावर आलं होतं. खऱ्या मालावरची छपाई अशी सुटत नाही.

फ्यूज हे बाजाराने ठेवलेलं नाव. पटकन उडतो म्हणून. घरच्यांनी ठेवलेलं आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

टेबलावर बाईंचा ॲम्प्लिफायर उघडा पडला होता. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. फ्यूजला भूमिती त्यांनीच शिकवली होती आणि त्यात दोघांचाही दोष नव्हता. मिस्टर गेल्यापासून त्या रोज दुपारी त्यांच्या आवडीची गाणी लावत. कान मंदावल्यामुळे जरा मोठ्यानेच. आवाजाचा सगळा भार ज्यांच्यावर येतो त्या चार पॉवर ट्रान्झिस्टरपैकी दोन जळाले होते. बदलायचे तर चारही बदलायला हवेत.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नव्या चारातला एक तळहातावर घेतला. डोळ्यांत मोतीबिंदू, पण तळहात अजून शाबूत होता.

"हलका आहे रे."

"अण्णा, पार्ट आहे तो, बटाटा नाही."

"ह्या कंपनीने हा माल बनवणं बंद करून पंधरा वर्षं झाली. तारीख काय म्हणालास यावर?"

"गेल्या सालची."

"मग हे बाळ जन्मलं कुठे?"

"दुकानदार म्हणाला, जुना स्टॉक आहे."

"जुना स्टॉक आणि नवी तारीख. वा." अण्णांनी तो खाली ठेवला. "चाराचं काम असलं की पाच आणायचे. एक कापून आतली चिप बघायची. करंगळीच्या नखाएवढी दिसली तर बाकीचे चार लावायचे. पाचवा साक्ष द्यायला असतो."

"चांगला पार्ट कोण फोडतं आता? मीटरवर चारही पास आहेत."

"मीटर त्याला नुसतं नाव विचारतं. ओझं उचलायला सांगत नाही."

"सगळे हाच माल लावतात, अण्णा. मी नाही म्हटलं तर बाई समोरच्याकडे जातील. तोही हाच लावेल."

"मग त्याला लावू दे की."

यावर फ्यूज उडाला. म्हातारपणी माणसाने माळ ओढावी, लोकांचे कान नाही, असं काहीसं बोलला. थोड्या वेळाने खुर्चीतच अण्णांना डुलकी लागली. फ्यूजने चारही बसवले, आणि त्यांची झोपमोड नको म्हणून अर्धा तास अगदी बारीक आवाजात सेट वाजवून पाहिला. उत्तम वाजला. बारीक आवाजात खोटं माणूससुद्धा उत्तम वाजतं.

सेट घरी गेल्यावर चौथ्या दिवशी बाईंचा निरोप आला. फ्यूज गेला तो एक वाक्य तयार ठेवूनच. आमच्या धंद्यात ते वाक्य स्क्रू ड्रायव्हरच्या आधी शिकवतात: व्होल्टेज जास्त आलं असेल.

खोलीत जळक्या वार्निशचा वास होता. स्पीकरचा कागदी कोन मधोमध काळा पडला होता.

"ये," बाई म्हणाल्या. "धूर आला आणि मी बटण बंद केलं. उशीर झाला का रे?"

फ्यूजने स्पीकर खोलला. खोटा ट्रान्झिस्टर आतल्या आत शॉर्ट झाला होता आणि सगळी वीज थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसली होती. तांब्याच्या तारेचा कोळसा झाला होता.

"ती कॉइल ह्यांनी हाताने गुंडाळलेली," बाई म्हणाल्या. "वेढे मोजायला मला बसवलं होतं. गणिताच्या बाई मी, आणि सत्तरच्या पुढे चुकले. हे म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस बोलत नव्हतो. मग बोललो. तेवढ्यात हे मोजायचं विसरले." त्या थोडं हसल्या. "लाइन वरखाली होते का रे आमच्याकडे?"

तयार वाक्य त्यांनी स्वतःच त्याच्या हातात ठेवलं. नुसतं हो म्हणायचं होतं.

फ्यूज उठून ओट्यापाशी गेला. जळलेला ट्रान्झिस्टर काढून त्याने त्याचं धातूचं टोपण करवतीच्या पात्याने कापलं आणि तो बाईंपुढे धरला. नखाएवढी चिप असायला हवी तिथे तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता.

"लाइन ठीक आहे, बाई. माल खोटा होता. अक्षरं माझ्या अंगठ्याला लागली होती. अण्णांनी सांगितलं होतं. मला कळत होतं, आणि मी लावला."

बाईंनी घसरणारा चष्मा सावरून ठिपका पाहिला.

"नवी कॉइल गुंडाळून देतो मी," फ्यूज म्हणाला.

"देशील. पण ती तुझी असेल ना रे."

नागरिकहो, खोटा माल कारखान्यात बनतो हा आपला सोयीचा समज आहे. तिथे नुसता साचा बनतो. माल खोटा होतो तो आपण अंगठा पँटला पुसतो तेव्हा. 'हा पार्ट माझ्याकडे नाही' हे चार शब्दांचं वाक्य आपल्याला जड जातं, म्हणून कुणाच्या तरी घरातली, पुन्हा करता न येणारी गोष्ट जळते. शंका आली की हात थांबवावा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्यावं. फ्यूज आता चारासाठी पाच आणतो आणि पाचवा अण्णांसमोर कापतो. खरा मालच मिळत नाही म्हणून तीन सेट परत गेले आहेत. समोरचा मजेत आहे.

त्या दिवशी मात्र तो हत्यारं पिशवीत भरून मान खाली घालून उभा होता. बाईंनी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला.

"ही काडी ढिली झालीय. जाता जाता आवळून दे. आणि स्क्रू मात्र आहे तोच ठेव."