मागच्या फाटकातला गाडा

मी गाडा बोलतोय. मोटारीशी माझं नातं नाही आणि बैलाशीही नाही. पोकळ नळ्यांचा सांगाडा, खाली दोन चाकं, वर धरायला दांडा आणि मधे जाड कापडाची पिशवी. बायाबापड्या मागे ओढत नेतात ना, तो. शाळेत मी गेलो नाही. त्यामुळे गोड बोलायचं कुणी शिकवलं नाही आणि मीही शिकलो नाही. चालेल तर ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. तिथे खिडक्यांच्या जाळ्या व्हायच्या, उरलेल्या नळ्यांचे गाडे. म्हणजे मी उरल्यासुरल्याचा. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिथून भांड्यांच्या दुकानात आलो आणि दारापाशी उलटा टांगला गेलो. येणारा-जाणारा डोकं आपटायचा आणि शिवी मला द्यायचा. माणसाची ही खोड मी पहिल्या दिवसापासून पाहतोय. चूक कुणाचीही असो, जो खाली असतो त्याने ऐकून घ्यायचं.

शेवटी मला मावशीने घेतलं. कुणाची मावशी ते विचारू नका, सगळी वसाहत तिला मावशीच म्हणते. बाई पडदे शिवते. शहरात एक पडद्यांचं दुकान आहे, तिथून कापड घरी आणायचं, कडा दुमडायच्या, चुण्या घालायच्या आणि तयार पडदे सकाळी दुकानात पोचवायचे. पडदा म्हणजे काय रुमाल नव्हे. एका मोठ्या खिडकीच्या जोडीने माणसाचा खांदा उतरतो. म्हणून मी.

वसाहत शहराबाहेर. रस्ते केवढे रुंद! पण सगळे गाड्यांसाठी. कडेला झाडं लावलीत, दिवे लावलेत, दगडी कुंड्या ठेवल्यात, फक्त पाय ठेवायला जागा तेवढी विसरलेत. घराघरापुढे दोन-दोन गाड्या. मावशीकडे एकही नाही. काका, म्हणजे तिचा नवरा, कारखान्यात होता. डोळे अधू झाले तेव्हा त्याने गाडी विकून टाकली. मावशीने कधी चालवली नव्हती. पाहुणे घरी आले की विचारायचेच, "अजून गाडी घेतली नाहीत?" मावशी म्हणायची, "गाडी नाही, गाडा आहे." पाहुणे हसायचे. मला हसू येत नसे. ओढून पाहा म्हणावं.

बसचा थांबा वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे. त्या भिंतीत पूर्वी एक भगदाड होतं. कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण शहाण्या माणसाने पाडलं होतं. मावशी, इस्पितळातली नर्स, दोन-तीन स्वयंपाकीणबाया, गुडघा धरून चालणारे एक मास्तर, अशी सगळी पायी मंडळी तिथून जायची. पुढच्या फाटकाने गेलं तर मोठ्या रस्त्याने वळसा. शेजारून ट्रक अंगावर आल्यासारखे जातात, चिखल तोंडापर्यंत उडतो, माझी चाकं खडीत रुततात. येताना बस पुढच्या फाटकाशीच सोडते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता सकाळी जायचा.

मग वसाहतीच्या कमिटीला भगदाड खुपलं. ते बुजवलं आणि तिथे नवं कोरं सरकतं फाटक बसवलं. गाडी समोर आली की आपोआप उघडतं, गेली की आपोआप बंद होतं. बाहेरून यायचं तर गाडीच्या काचेवर कमिटीचं चिकटपत्र लागतं. नारळ फोडला असेल, पेढेही वाटले असतील, मला काय करायचंय. पहिल्या सकाळी मावशी मला घेऊन फाटकापुढे उभी राहिली. फाटक ढिम्म. तिने हात हलवला, पाय आपटला. ढिम्म. फाटकाला आम्ही दिसतच नव्हतो.

मावशी तडक अध्यक्षांकडे गेली. ते गाडी पुसत होते.

"अध्यक्षसाहेब, मागच्या फाटकाला माणसांनी जायचं दारच ठेवलं नाहीत."

"असं कसं? सकाळपासून किती माणसं गेली."

"ती गाड्यांतून. मी माणसांचं विचारतेय."

"गाडीत माणसंच असतात ना, मावशी?"

"अहो, पायी जाणाऱ्यांचं काय?"

अध्यक्षांचा हात थांबला. माणूस खरोखर विचारात पडला. वाईट नव्हता तो, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. आराखडा काढताना कमिटीची सगळी मंडळी टेबलाभोवती बसली होती आणि सगळ्यांच्या खिशात गाडीची किल्ली होती. पायी जाणारा कुणाच्या डोक्यात आलाच नाही.

"पण पायी जातं कोण हल्ली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे स्वयंपाकाला येते ती काय उडत येते?"

"बरं बरं, पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर एखाद्या गाडीमागून निघत जा."

निघत जा! सांगायला काय जातंय. आम्ही फाटकाशी गाडीची वाट बघत उभे. गाडी आली की मागून पळायचं. पुढच्या फाटकाने शहरात जाणाऱ्या गाड्याच जास्त, इकडे एखादीच फिरकायची. ती आली की आतली बाई काच वर करायची, जणू आम्ही तिच्या गळ्यातलं ओढायला आलोय. आणि फाटक इतकं घाईचं की एकदा माझ्या कमरेतच बसलं. सांगाडा वाकला. बस डोळ्यांदेखत निघून गेली.

असं वारंवार व्हायला लागलं. दुकानातून गिऱ्हाइकांकडे पडदे लावायला जाणारी गाडी सकाळी सुटते, मावशीचे पडदे पोचेपर्यंत ती थांबत नाही. दुकानवाली तोंडाने फटकळ, पण आतापर्यंत मावशीला धरून होती. एक दिवस तिने सांगून टाकलं, "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. पण गिऱ्हाईक उघड्या खिडकीत बसून माझ्या नावाने बोंब मारतं. आता परत उशीर झाला तर मी दुसरी बघेन. तुम्ही राग मानू नका."

"राग कसला," मावशी म्हणाली. पण बसमध्ये तिने माझा दांडा असा आवळून धरला होता की विचारू नका. शिवणकाम हेच त्या बाईचं सगळं होतं. ते गेलं की उरलं काय? चार भिंती आणि काकाची बडबड.

काका घरी म्हणाला, "आपण एक जुनी गाडी घेऊ."

"चालवणार कोण? तुम्हाला समोरची म्हैस दिसत नाही."

"मग ताईकडे राहायला जाऊ. बोलावतेय ती कधीची." ताई म्हणजे त्यांची लेक, दूर गावी असते.

"तुम्ही जा. मला इथेच राहायचंय."

दोन दिवस दोघं तोंड फिरवून जेवली. मी दाराआड उभा राहून दोघांची तोंडं बघत होतो.

आणि मग मशीन बिघडलं. शिवणाचं मशीन, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चांगलं दणकट. दुरुस्तीला न्यायचं म्हणून मावशीने ते माझ्या पोटात घातलं. माझा जीव मेटाकुटीला आला. फाटकापुढे पोचलो, गाडीची वाट बघत उभे राहिलो, आणि काय सांगू, माझ्या बुडाला जमिनीतून कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. घरघर आवाज आला. फाटक उघडलं!

मावशीने मागे पाहिलं. गाडी नाही, काही नाही. ती मला घेऊन अशी सुटली की चप्पल हातात आली.

काकाला सांगितलं तर तो लगेच शहाणा झाला. "वजनावर उघडतं ते. साधी गोष्ट आहे." दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यात पडद्यांखाली विटा भरल्या. माझ्या जिवाचं कुणाला काही पडलेलं नाही! फाटकापुढे गेलो, फाटक ढिम्म. मावशीने विटा तिथेच भिंतीशी फेकल्या, एखाद्या गाडीसाठी ताटकळत राहिली आणि नशिबाने शेवटच्या घटकेला बस मिळाली. घरी येऊन काकाला म्हणाली, "तुमची अक्कल त्या विटांबरोबर ठेवून आलेय. मशीन होतं तेव्हा उघडलं ना? मग मशीनच नेणार."

"रोज मशीन ओढशील?"

"मशीन नाही तर मशीनचा तुकडा."

माळ्यावर जुन्या मशीनचं पायडल पडलं होतं. पाय ठेवून हलवायची बिडाची जाळी, रुंद, सपाट. ती माझ्या तळाला बसवली, वर पडदे. फाटकापुढे पुन्हा गुदगुल्या, पुन्हा घरघर. उघडलं. का उघडतं ते त्या नवरा-बायकोला आजही माहीत नाही. मला माहीत आहे. त्या जागी जमिनीत काहीतरी पुरलंय आणि त्याला फक्त भरघोस लोखंड कळतं, माझ्या पोकळ नळ्या त्याच्या खिजगणतीत नाहीत. रक्ता-मांसाचं माणूस समोर उभं राहिलं तरी त्याला पत्ता नसतो.

आता रोज सकाळी मंडळी माझी वाट बघत थांबायला लागली. "गाडा आला का?" नर्स विचारायची. मास्तर माझ्या दांड्याला हात लावून म्हणायचे, "चला महाराज." मावशी पुढे, मी मागे, माझ्यामागे सगळी वरात. कौतुक ठीक आहे, पण माझी हाडं खिळखिळी होत होती त्याचं काय? पायी चालायचं म्हणून लोखंड ओढायचं, असला कारभार मी कुठे ऐकला नव्हता.

व्हायचं तेच झालं. त्या सकाळी आमच्यामागे खुद्द अध्यक्षांची गाडी येऊन थांबली. फाटक उघडलेलं, मंडळी पुढे गेलेली. अध्यक्षांना घाई. त्यांनी हॉर्न वाजवला तशी मावशी दचकली, तिने मला हिसका दिला, चाक फाटकाच्या रुळात अडकलं आणि माझा कणा काडकन मोडला. मी मागे कोसळलो, बरोबर त्या गुदगुल्यांच्या जागेवर.

पलीकडे बस दिसत होती. मावशीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पडदे उपसले, खांद्यावर टाकले.

"अहो मावशी, हे उचला आधी!" अध्यक्ष खिडकीतून ओरडले.

"बस आलीय, साहेब. तुम्ही उचला, तुम्हाला गाडी आहे."

आणि ती पळाली. त्या वयात, तेवढं ओझं घेऊन. मी पडल्या पडल्या पाहत होतो. बसने दार लावत आणलं होतं, पण आत नर्स पायरीवर अडून उभी राहिली आणि मास्तर चालकाशी हुज्जत घालू लागले. मावशी चढली.

अध्यक्ष उतरले. पुटपुटत मला धरून ओढत फाटकाबाहेर नेलं आणि भिंतीला टेकवलं. हात झटकले, वळले, तर फाटक बंद! गाडी आत, थोडी मागे उभी, इंजिन चालू. साहेब बाहेर. चिकटपत्र गाडीच्या काचेवर. त्यांनी हात हलवला. पाय आपटला. फाटक ढिम्म. अहाहा! माझं मोडलेलं हाडसुद्धा गार झालं.

मग ते मोठ्या रस्त्याने वळसा घालून निघाले. बऱ्याच वेळाने आतून आले तेव्हा एक बूट चिखलात माखलेला, शर्ट घामाने चिकटलेला. गाडीत बसण्याआधी फाटकाच्या जाळीला धरून उभे राहिले आणि कुणीच ऐकत नसताना म्हणाले, "अरे, त्या रस्त्याला पाय ठेवायला जागाच नाही!"

म्हटलं, आम्हाला सांगतोस?

पुढे काय केलं पाहा. गाडी पुढे आणून फाटक उघडलं, बाहेर आले, मला पोटातल्या लोखंडी जाळीसकट उचललं आणि पुन्हा त्या गुदगुल्यांच्या जागेवर, पण जरा कडेला, आडवं केलं. गाडी माझ्या बाजूने काढली, मागे वळून पाहिलं. फाटक उघडंच राहिलं.

संध्याकाळी मावशी काकाला घेऊन आली. पडदे वेळेत पोचले होते, काम शाबूत होतं. काका म्हणाला, "कणा जोडून देतो, घरी नेऊ याला."

मावशी माझ्याशेजारी बसली. पिशवीवरचा चिखल पदराने पुसला. "नको," म्हणाली. "दार होईपर्यंत राहू दे. पडदे मी खांद्यावर नेईन."

तेव्हापासून मी इथे आहे. ऊन, पाऊस, धूळ सगळं अंगावर. मास्तर रोज सकाळी जाताना काठीने मला सलाम करतात. दार होणार आहे म्हणे, पुढच्या बैठकीत. ती बैठक कधी, ते विचारायला मावशी रोज अध्यक्षांच्या दारात जाते आणि अध्यक्ष आता तिला बसायला खुर्ची देतात.

तेव्हा दादांनो, ताईंनो, भंगार समजून मला उचलू नका. माझी कीव नको, तेलपाणी नको. भिंतीत माणसाएवढं एक दार पाडा, मग खुशाल भट्टीत घाला. तोवर गाडीवाल्यांनी जरा बाजूने काढायचं. आणि हॉर्न वाजवायचा नाही. मी काही उठणार नाहीये.