शेवंडीच्या चार शेपट्या

बर्फ काढायला फ्रीजर उघडला आणि टेलरबाईंच्या हाताला ते पाकीट लागलं. मटारच्या पिशवीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने ठेवलेलं. त्यांनी कागद सोडवला. आत शेवंडीच्या, म्हणजे लॉब्स्टरच्या, चार शेपट्या होत्या. गोठून दगड झालेल्या, हिरवट कवचावर पिवळे ठिपके, आणि जिथून डोकं तोडलं तिथे पांढरं मांस.

त्या पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि फ्रीजचं दार लावलं.

त्यांचा मुलगा गेल्यापासून या घरात शेवंड आली नव्हती. मुलगा पाणबुड्या होता. खडकांच्या कपारीत हात घालून शेवंडी धरायच्या आणि हॉटेलांना पुरवायच्या, हे त्याचं काम. लहानपणापासून पाण्याबाहेर कमी आणि पाण्यात जास्त, म्हणून अख्खी गल्ली त्याला पाणकोंबडा म्हणायची. एका सकाळी समुद्र अगदी शांत असताना तो खाली गेला. जोडीदाराने बराच वेळ वाट पाहून दोर ओढला, तर दोर नुसताच वर आला. दुसऱ्या दिवशी तो सापडला. कोणाची चूक नव्हती, कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. टेलरबाईंना तेच सगळ्यात जड गेलं. रागवायला कोणी नव्हतं.

सून तेव्हा जेमतेम तिशीची. सगळ्यांना वाटलं, ती माहेरी जाईल. पण माहेरी भाऊ-भावजय आपल्या संसारात, त्यांना तिला न्यायची घाई नव्हती, आणि हिलाही जायचं नव्हतं. ती मासळी गोठवण्याच्या कारखान्यात लागली. दिवसभर रबरी बूट घालून थंडगार पत्र्याच्या टेबलापाशी उभं राहायचं, कोळंबी निवडायची, पाकिटं भरायची. घरी आली की आधी हात कोमट पाण्यात बुडवून बसायची. टेलरबाई मशीनवर शाळांचे गणवेश शिवायच्या. दोघींचं बरं चाललं होतं. भांडायच्या त्या भाजीतल्या मिठावरून, नाहीतर पंखा किती जोरात लावायचा यावरून. त्याच्यावरून कधीच नाही, कारण त्याचा विषयच निघायचा नाही.

आता सुनेचं लग्न ठरलं होतं आणि ते टेलरबाईंनीच जमवलं होतं. इमारतीची लिफ्ट सदा रुसलेली, आणि ती दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक एकदा गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन त्यांच्या दारात आला. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई. पँटनंतर शर्ट आला, शर्टनंतर पिशवी आली. एकदा टेलरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ही शिवण आपोआप उसवते की तुम्ही उसवून आणता?" तो कानापर्यंत लाल झाला. आतल्या खोलीतून सुनेचं हसू ऐकू आलं. ते हसू टेलरबाईंनी फार दिवसांनी ऐकलं होतं, आणि त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

सून मात्र वर्षभर नाही म्हणत राहिली. "तुम्हाला एकटीला टाकून जाऊ?"

"टाकून जायला मी काय पार्सल आहे?" टेलरबाई म्हणायच्या. "मला हातपाय आहेत, मशीन आहे. तुझं आयुष्य पडलंय अजून."

अखेर ती हो म्हणाली. उद्या सकाळी नोंदणी होती. नवं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून कारखान्यातली नोकरीही तिने कालच सोडली होती.

संध्याकाळी सून बाजारातून आली. बॅगेला कुलूप आणायला गेली होती. ओट्यावरचं पाकीट बघून ती दारातच थबकली.

"हे काय गं?" टेलरबाईंनी विचारलं.

"बायकांनी दिलं. टेबलाशी माझ्या बाजूला उभ्या असायच्या ना, त्यांनी. कारखान्यातली सगळ्यात भारी वस्तू निरोपाला द्यावी, असं वाटलं त्यांना." तिने चप्पल काढली. "त्यांच्या लक्षात नाही आलं, आई. इतक्या प्रेमाने हातात ठेवलं, मला नको म्हणवेना."

"मग लपवलंस कशाला?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून. उद्या शेजारी देऊन टाकणार होते."

टेलरबाई ओट्याकडे वळल्या. मग त्यांनी पातेलं घेतलं, त्यात गार पाणी भरलं आणि पाकीट त्यात सोडलं. "सुटू दे बर्फ. आज हेच करू."

"आई, नको."

"का नको? मला खावंसं वाटतंय."

ते खरं नव्हतं, आणि सुनेलाही ते कळलं. पण उद्या जायचं होतं, आज तिला सासूला नाही म्हणायचं नव्हतं.

अडचण अशी की या घरात त्याच्याशिवाय कोणी शेवंड शिजवलीच नव्हती. तो आणायचा, तोच करायचा. त्या वेळी स्वयंपाकघरात बायकांना मज्जाव. दोघींनी ते दारातून पाहिलं होतं, एकीने कितीतरी वर्षं, दुसरीने थोडी. बर्फ सुटून शेपट्या मऊ पडल्या तेव्हा टेलरबाईंनी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि मिठाचा डबा उघडला.

"उकळायच्या नाहीत, आई," सून म्हणाली. "ते स्वतः तव्यावर करायचे. कवच वरून कापायचं, मांस उचलून वर बसवायचं आणि लोणी-लसूण घालून झाकण ठेवायचं."

"तव्यावर? छे. मिठाच्या पाण्यात उकळायचा. मी काय आंधळी आहे?"

"मी बघितलंय ना."

"मीही बघितलंय. तू या घरात पाऊल ठेवायच्या आधीपासून."

"पण माझ्यासमोर कधीच उकळलं नाही त्यांनी."

"तुझ्यासमोर किती दिवस होता तो?" टेलरबाईंचा आवाज चढला. "मी जन्म दिलाय त्याला. तो काय कसं करायचा ते तू मला शिकवणार?"

सून लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. "खरंय," ती हळूच म्हणाली. "माझ्या वाट्याला थोडाच आला. म्हणून तर जे आठवतंय ते धरून ठेवलंय."

इथे थांबायला हवं होतं. टेलरबाईंना ते कळत होतं, पण जीभ थांबली नाही. "आता कशाला धरून ठेवतेस? उद्यापासून दुसरा आहेच की."

सुनेने सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. जिन्याशी जाऊन बसली असणार. या घरात रडायला दुसरी जागा नव्हती.

टेलरबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आपण हे बोललो, यावर त्यांचा विश्वास बसेना. लग्न त्यांनी ठरवलं. नव्या घरातल्या खिडक्यांचे पडदे त्यांनी शिवले. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा त्याच सगळ्यांना पुरून उरल्या. आणि पोटात हे शिल्लक होतं, ते आजच बाहेर पडायचं होतं.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी एक शेपटी उचलली आणि भाजीची कात्री कवचावर लावली. कात्री घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली, आणि कवचाचा काटा अंगठ्यात शिरला. रक्त आलं. नळाखाली बोट धरून त्या जरा वेळ तशाच थांबल्या. मग बाहेरच्या खोलीत गेल्या, मशीनच्या खणातून आपली मोठी कात्री काढली आणि जिन्याशी आल्या.

त्या कात्रीला आजवर कापडाखेरीज काही लागलं नव्हतं. पाणकोंबड्याने शाळेत असताना एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, तर त्याला दिवसभर जेवायला मिळालं नव्हतं. सुनेनेही तिला कधी हात लावला नव्हता.

"घे," टेलरबाई म्हणाल्या. "त्या भाजीच्या कात्रीने नाही कापलं जात."

सुनेने मान वर केली. डोळे सुजले होते. "हिने? धार जाईल, आई."

"जाऊ दे. लावून घेईन." त्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. गुडघे वाजले. "मी मघाशी बोलले ना..."

"खोटं नाही बोललात."

"खरं असलं म्हणून बोलायचं असतं होय?" त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला. तळव्याला भेगा होत्या, थंडीने पडलेल्या. त्या भेगांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "उठ आता. भूक लागली मला. या वेळी खरंच."

शेवटी दोन उकळायच्या आणि दोन तव्यावर करायच्या असं ठरलं. सुनेने कात्री कवचाखाली घातली आणि शेपटीच्या पंख्यापर्यंत सरळ कापत नेली. कापडासारखं कापलं गेलं. तिने मधली काळी शीर ओढून काढली, मांस सोडवून कवचावर बसवलं. तव्यावर लोणी सुटलं, लसणाचा वास घरभर झाला. शेजारच्या पातेल्यात टेलरबाईंच्या शेपट्या लाल व्हायला लागल्या.

"तो उकळून बाहेर काढायचा," टेलरबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मग हाताने बारीक तोडायचा आणि वर तेच पाणी घालून वाटीत द्यायचा. चमच्याने खा म्हणायचा."

"तुमचे दात दुखायचे का तेव्हा?"

टेलरबाईंनी वळून पाहिलं. दात दुखायचेच. मग एकेक करत काढून कवळी बसवावी लागली होती. चावायला नको म्हणून तो तसं करायचा, हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. "असेल," त्या म्हणाल्या. "आणि तुला?"

"मला माशाचा वास सोसायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा केलं तेव्हा मी नाक दाबून बसले होते. मग त्यांनी लसूण घातला, इतका की दुसरं काही कळू नये."

"माशाचा वास सोसत नाही, आणि नवरा केला पाणबुड्या."

"आणि नोकरी धरली मासळीच्या कारखान्यात," सून म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता टेलरबाईंना धाप लागली.

हसण्याच्या नादात तव्याकडे लक्ष राहिलं नाही. झाकण काढलं तर लसूण काळा पडलेला आणि मांस आक्रसून घट्ट झालेलं. उकळलेल्यांचीही तीच गत. दोघी ताटं घेऊन जमिनीवर बसल्या आणि चावत राहिल्या.

"रबर झालंय," टेलरबाई म्हणाल्या.

"माझं करपलंय."

"तो असता तर दोघींना बाहेर हाकललं असतं."

तरी त्यांनी काही टाकलं नाही. सुनेने वाटीतलं मिठाचं पाणी पिऊन पाहिलं, टेलरबाईंनी तव्याला लागलेलं लोणी बोटाने पुसून घेतलं. जेवण संपत आलं तेव्हा सून ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मला त्यांचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं. आवाज कधी गेला ते कळलंच नाही. तुम्हाला कशी विचारणार होते?"

टेलरबाईंनी घास गिळला. "जिन्यातूनच हाका मारत यायचा. किल्ली खिशात असली तरी." आणि त्यांनी त्याच्यासारखी हाक मारली, शब्द जरा ओढून, शेवटी खाली पाडून. "आई, दार उघड गं, हात भरलेत."

सुनेने तोंडावर हात धरला. हाच होता. अगदी हाच.

"पुन्हा म्हणता?"

टेलरबाईंनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेल्या आणि शब्द अर्ध्यावर राहिला. सून सरकून जवळ आली. उष्टे हात तसेच ठेवून दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. इतकी वर्षं एका छताखाली काढून त्या एकत्र अशा पहिल्यांदाच रडत होत्या.

सकाळी नोंदणी झाली. मेकॅनिक मित्राचा टेम्पो घेऊन आला होता. बॅगा, शिलाईची एक पेटी, पडदे. लिफ्ट चालू होती, त्यानेच सकाळी लवकर येऊन बघून ठेवली होती. टेलरबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "तिच्या हातांना भेगा आहेत. रात्री तेल लावायची आठवण करा, ती विसरते. आणि वरचेवर गप्प बसते, तेव्हा काय झालं म्हणून विचारत बसू नका. बोलते मग आपणहून."

"हो, आई," तो म्हणाला. त्याने आई म्हटलेलं त्यांना चाललं.

सून पायाशी वाकली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं. "जा. ऊन व्हायच्या आत पोचा."

पहिले काही महिने सुनेचा फोन रोज दिवेलागणीला यायचा. तिकडच्या नळाला पाणी कसं येतं, नव्या सासूबाईंना चहात साखर किती लागते, ह्यांनी पुन्हा पँट फाडली. टेलरबाई त्या वेळेला मशीन बंद करून फोनजवळ बसायच्या. रविवारी दोघं येत. मग एक रविवार चुकला, मग एकाआड एक चुकायला लागला. एके संध्याकाळी फोन आलाच नाही. टेलरबाईंनी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि न लावताच ठेवून दिला. विसरली म्हणजे रुळली, त्यांनी स्वतःला समजावलं. हेच तर हवं होतं आपल्याला. पण त्या दिवशी त्यांनी दिवा लावला नाही की जेवण गरम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. सुनेचा आवाज घाबराघुबरा. "आई, काल विसरलेच हो मी. पाहुणे होते घरी. तुम्ही वाट बघत बसला असाल ना?"

"छे गं," टेलरबाई म्हणाल्या. "गणवेशांची गर्दी आहे. माझ्याही ध्यानात राहिलं नाही."